पाहुणा तुपाशी, यजमान उपाशी

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर मोठं पाहुणचारी. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली ज्याचं दाणापाणी तोडलं, ते विंडोज एक्सपीसुद्धा व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुणं म्हणून खुशाल नांदतं. लाड काय ते पाहुण्याचेच. यजमानाचा, म्हणजे बाहेरच्या संगणकाचा, कर्नल (त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जुना निघाला, की नवी आवृत्ती नाक मुरडते. ३२ बिटी यजमानांना तर व्हर्च्युअलबॉक्सने २०१८ मध्येच, ६.० च्या वेळी, उंबऱ्याबाहेर काढलं.

शहापूरकरांना यात नवल वाटू नये. भातसा, तानसा त्यांच्या अंगणात. पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात धरणाशेजारच्या पाड्यांवर टँकरची वाट.

बरं, जुन्या कर्नलने आपलं वय तरी खरं सांगावं! सेंटओएस ७ या लिनक्सच्या कर्नलचा नंबर शेवटपर्यंत ३.१०, म्हणजे २०१३ चा. पण त्यामागच्या रेड हॅट कंपनीने नव्या कर्नलमधले तुकडे मागच्या दाराने त्यात बसवत नेले. व्हर्च्युअलबॉक्सचं बाहेरचं मॉड्यूल नंबर बघून जुनं फंक्शन शोधतं, आत नवंच सापडतं आणि कंपायलर बोंब ठोकतो. मग प्रोग्रामरने प्रत्येक आवृत्तीसाठी 'हा असेल तर असं, तो असेल तर तसं' लिहीत बसायचं.

तज्ज्ञांचा सल्ला ठरलेला: नवं मशीन घ्या. मुरबाडच्या एखाद्या लॅबने तो मनावर घ्यायचा, प्रस्ताव टाकायचा, मंजुरीची वाट बघायची. मशीन येईल हो. तोवर सॉफ्टवेअरच्या किमान अपेक्षाच वाढलेल्या असतील. मुरबाडला रेल्वेसुद्धा येणारच आहे की!