मागून ठोकलेलं नाव

मुलीच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची, हे मला न विचारता ठरलं. म्हणून मी जाहीर केलं: पत्रिका छापायची, आणि तीही तांब्याच्या प्लेटवर कोरून.

"म्हणजे भांड्यांवर नावं घालतात तसं?" बायको म्हणाली.

तसं नव्हे हो! प्लेटवर अक्षरं उलटी कोरायची, खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि कागद असा दाबायचा की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो. अक्षर कागदावर चक्क उभं राहतं. खोटं वाटत असेल तर कोऱ्या नोटेवरच्या गांधीजींवरून अंगठा फिरवून बघा, जात तीच. मी हल्ली सारखा फिरवतो. वाण्याला वाटतं, मला त्याच्या नोटांचा संशय येतोय.

बरं, ही कला आपल्याला परकीही नाही. नाना फडणविसांच्या काळात इंग्रज वकील मॅलेट याच्या उत्तेजनानं पुण्यातला एक तांबट भगवद्गीता कोरायच्या नादाला लागला. 1800 मध्ये नाना गेले. काम मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेलं आणि 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून निघाली. सातशे श्लोक! एक काना चुकला तर अर्जुनानं काय करायचं? हे मी केळवणात सांगितलं, साखरपुड्यात सांगितलं, हॉलवाल्याला सांगितलं. शेवटी व्याही म्हणाले, "मग गीताच वाटू या की. स्वस्त पडेल."

कारागीर ओळीवर पैसे घेणारा निघाला. मग मी काटछाट सुरू केली. तीन कुलदैवतांवरून एकावर आलो. मामांच्या पदव्या उडवल्या. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली एका फटक्यात गेली. खाली 'आपला नम्र' आणि माझं तीनपदरी नाव, पदवीसह. ते कसं कापणार?

कच्ची प्रत आली. बायकोनं ती दोनदा वाचली. "यात मी कुठे आहे?"

"एक ओळ वाचली," मी म्हणालो.

"मीही वाचली. त्यात मी नाही."

मला आई आठवली. बहिणीच्या लग्नात चारशे पाकिटांवरचे पत्ते तिनं एकटीनं लिहिले होते, रात्री, ओट्यावर दिवा ओढून. पत्रिकेवर नाव फक्त वडिलांचं. मी शेजारी बसून पाकिटं चिकटवत होतो, चारशे वेळा ते नाव हाताखालून गेलं, आणि माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं असेल. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेट घेऊन कारागिराकडे गेलो, बायकोसह. तांब्यावर खोडरबर चालत नाही. त्यानं ती ओळ खरवडली, प्लेट पालथी घातली आणि खोल गेलेला पत्रा वर येईपर्यंत हलक्या हातोडीनं ठोकत राहिला.

"मागून ठोकल्याशिवाय सरळ होत नाही," तो म्हणाला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

नव्या ओळीत दोघांची नावं बसली. माझी पदवी गेली. पैसे दुप्पट लागले.

शंभर पत्रिका वाटल्या. उठावावरून अंगठा फिरवून 'वा!' म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. फक्त आत्याचा फोन आला.

"कागद चांगला जाड आहे रे, पण मागे दुधाचा हिशेब लिहिता येत नाही. पेन खड्ड्यात जातं."

"कुठल्या खड्ड्यात?"

"तुम्हा दोघांच्या नावाच्या."