पायलीचे गुरुजी

आमच्याकडच्या प्रत्येक किल्ल्याला एक खंदक असतो, एखादा दर्गा नाहीतर समाधी असते आणि एक निवृत्त गुरुजी असतात. औसा, कंधार, उदगीर, कुठंही जा. पाटी वाचायला थांबलात की मागून आवाज येतोच, "पाटीवर अर्धवट लिहिलंय."

मी सांगतोय ते उदगीरचे. यांचा वाडा जागचा हलला नाही, पण जिल्हे बदलले. १९५६ पर्यंत बीदर, मग उस्मानाबाद, १९८२ पासून लातूर. चौथ्याची, म्हणजे खुद्द उदगीरची, मागणी चालूच आहे.

वाड्यात त्यांनी संग्रहालय काढलंय. एक कंदील, चारमिनार छापलेली निजामाची नाणी, मोडीतल्या कागदांचं गाठोडं, अडशिरी आणि पायली ही धान्याची मापं. चिठ्ठी कशालाच नाही. "चिठ्ठ्या लावल्या तर मग मी कशाला?" पायली मात्र अकरानंतरच बघायला मिळते. सकाळी ती काकूंच्या ज्वारीत असते.

गुरुजी अजून हालीत, म्हणजे निजामाच्या रुपयात जगतात. सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, हा जुना भाव त्यांच्या बोटांवर आहे. दहा रुपयांचा चहा पाजला की म्हणतात, "हालीत जवळपास पावणेबारा झाले बघा." आता तो चहा आपणच पाजलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

त्यांचं खरं दुखणं पानिपत. ३ फेब्रुवारी १७६० ला इथं सदाशिवरावभाऊंनी निजामाला गुडघ्यावर आणलं, साठेक लाखांचा मुलूख आणि दौलताबाद पदरात पडलं. तोच भाऊ, तोच इब्राहिमखान गारदी, तोच तोफखाना. "वर्षभरानं हरलो, तर कादंबऱ्या. इथं जिंकलो, तर बसस्टँडवर चौकशीची खिडकी!"

२०२३ साली मराठा आरक्षणाच्या कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. ज्यांनी गुरुजींना बघून रस्ता बदलला, तेच चपला बाहेर काढून ओसरीवर बसू लागले. गुरुजी भिंग घेऊन एकेक अक्षर चघळत. नोंद मिळण्याआधी प्रत्येकाला उदगीरची लढाई पूर्ण ऐकावी लागे.

वर्षाचा मोठा कार्यक्रम १७ सप्टेंबरचा, मराठवाडा मुक्तिदिनाचा. झेंडावंदन झालं की गल्लीतली पोरं गोळा करून गुरुजी १९४८ साल उभं करतात. अडचण एकच. सगळ्यांना रझाकार व्हायचं असतं, कारण त्याला लाकडी बंदूक मिळते. सत्याग्रहीला नुसता मार. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, त्याच्या नावाला गुरुजींचीही जीभ घसरते. "आपल्या लातूरचाच वकील बरं का!" एवढं कौतुकानं बोलून झाल्यावर आठवण येते आणि चेहरा कडक होतो.

यंदा रझाकार चौदा होते आणि सत्याग्रही एक, गुरुजींचा नातू. तोही रुसलेला. लेव्हीचा प्रसंग रंगला होता. सरकारी माणूस शेतकऱ्याच्या घरातलं धान्य मापून नेतोय, नातू आडवा पडलाय, बंदुका रोखलेल्या. भारताचं सैन्य, म्हणजे शेजारची तिसरीतली मुलगी, अजून पायरीवर चप्पल शोधत होती. तेवढ्यात आतून काकू आल्या, सरकारी माणसाच्या हातातली पायली काढून घेतली, आतली ज्वारी पदरात ओतली आणि म्हणाल्या,

"काय करलालाव हे? दळणाला उशीर होलालाय."