अक्षर पाहावं काढून

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं सांगणाऱ्या जुन्या माणसांनी तिसरी गोष्ट सांगितलीच नाही. पहिल्या दोन्हींतच त्यांचे पैसे संपले असावेत. ती राहिलेली मी सांगतो: अक्षर पाहावं काढून. याला मुहूर्त लागत नाही, नगरपंचायतीचा दाखला लागत नाही, जामीनदार लागत नाही. माणूस मात्र कामातून जातो.

पन्नाशीला टेकलेल्या माणसापुढे आमच्या कोरेगावात मोजक्याच वाटा असतात. पहाटे कानटोपी घालून जरंडेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून चालायला लागायचं, सोसायटीच्या राजकारणात पडायचं, नाहीतर आल्याला काय भाव निघाला यावर पारावर बसून दिवस ढकलायचा. मी पतसंस्थेत नोकरीला. दिवसभर लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात हयात गेली, तेव्हा म्हटलं आता आपलं अक्षर सुधारू. घरात जाहीर केलं, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “अहो, आधी किराणा मालाची यादी नीट लिहा. मागच्या खेपेला घेवडा लिहून दिलात आणि दुकानदाराने केवड्याच्या उदबत्त्या पाठवल्या.” कोरेगावचा वाघ्या घेवडा म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला माल. त्याची ही दशा माझ्या ‘घ’ने केली, हे ऐकल्यावर सुलेखन शिकणं हे तालुक्याचंच काम होऊन बसलं.

फोनवरच्या व्हिडिओतली मुलगी म्हणाली, आधी दोन पेन्सिली रबराने एकत्र बांधा आणि रेघा काढा. उभ्या, आडव्या, तिरप्या, मग अर्धगोल. मन शांत ठेवा. माझं मन शांतच होतं, हात ऐकत नव्हता. पेन्सिलींवरून आइस्क्रीमच्या काडीवर आलो. आइस्क्रीम मुलांनी खाल्लं, काड्या माझ्या वाट्याला. मग हुरूप येऊन फोनवरूनच चपट्या निबांचा संच मागवला. आमच्याकडे पार्सल मागवताना पत्त्यात ‘जिल्हा सातारा’ ठसठशीत लिहावं लागतं, कारण बाहेरच्या जगाला दोनच कोरेगावं ठाऊक आहेत: एकाच्या मागे पार्क लागतं आणि दुसऱ्याच्या मागे भीमा. आमच्या मागे काहीच लागत नाही.

निबा आल्या. त्यांनी काढलेलं अक्षर मात्र विचित्रच दिसायचं. जिथे अंग धरायचं तिथे वाळायचं आणि जिथे नाजूक वळायचं तिथे फुगायचं. शेवटी ती वही घेऊन मी आमच्या गावच्या पेंटरकडे गेलो. त्यांनाही आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते फक्त मतदार यादीत वापरतात. गावात सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. त्यांनी निब डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट केली आणि म्हणाले, “साहेब, ही इंग्रजी शिकल्याली हाय. हिला मराठी न्हाय यायचं.”

ते चेष्टा करत नव्हते. रोमन अक्षराची जाडी डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या फटकाऱ्यात भरते आणि देवनागरीची उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या फटकाऱ्यात. म्हणून आपल्या टाकाचा काप उलट्या बाजूला तिरका हवा. पेंटरनी एक बोरू घेतला, ब्लेडने दोन फटक्यांत छाटला, शाईत बुडवला आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक ‘ग’ काढला. तो ‘ग’ बघून मला माझ्या आधीच्या सगळ्या वह्या बंबात घालाव्याशा वाटल्या. त्या रात्री घातल्याही. पाणी मात्र छान तापलं.

पेंटर म्हणजे एकेकाळी या भागातलं मोठं प्रस्थ. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळांचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या खारीच्या केसांच्या ब्रशातून उतरायचं. मग फ्लेक्स आले. आता ते पुतण्याच्या फ्लेक्सच्याच दुकानात एका खुर्चीवर बसून असतात. पुतण्या माउसने धरून नाव आडवं ताणतो, तेव्हा ते डोळे मिटून घेतात. “ताणू नगं रं, त्येची हाडं मोडत्यात,” एवढंच म्हणतात.

त्यांनी मला शिकवलं ते एका भिंतीवर. निळीत बुडवलेली दोरी ताणून फट्‌कन सोडली, की सरळ रेघ. वर एक, खाली एक. मध्ये ‘कोरेगाव’. “पट्टीनं सारकं अंतर ठिवू नका,” ते म्हणाले. ‘को’चा काना सरळ उभा, आणि ‘र’ डाव्या अंगाला खालून पोकळ. मोजून सारखं अंतर ठेवलं, की नेमकं तिथेच खिंडार पडल्यासारखं दिसतं. म्हणून ‘र’ काढायचा तो कान्याच्या जवळ ओढून. ‘ग’ला दोन भाग, त्याला श्वास घ्यायला जागा हवी. “अक्षार कोनबी काढतंय. मधली मोकळी जागा काडता आली पायजे.” मी मान डोलावली आणि घरी येऊन फक्त मोकळी जागा काढली. ती चांगली जमते.

हे ज्ञान काही नवं नाही, हे मला नंतर कळलं. वडिलांचा दासबोध माळ्यावर होता. वीस दशक, दोनशे समास. आमच्या घरी तो उघडण्यापेक्षा डोक्याला लावण्यासाठी जास्त वापरला गेला. त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास आहे ‘लेखनक्रियानिरूपण’. ब्रह्म, माया, विवेक, वैराग्य सांगणाऱ्या समर्थांनी सतराव्या शतकातच सुलेखनाचा पूर्ण वर्ग घेऊन ठेवला आहे, आणि फी माफ. पान आधी शिशाने आखून घ्या. ओळींमधलं अंतर कमीजास्त होऊ देऊ नका. वरच्या ओळीची लांब अक्षरं खालच्या ओळीला टेकू नयेत. काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी. ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाचं वाटलं पाहिजे. भोवती जागा सोडा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. देशोदेशीचे बोरू जमवा, सुऱ्या-कातऱ्या बाळगा. एवढंच नाही, तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी कामाला येत नाही, हेही आहे. चाळिशीचा चष्मा लागण्याआधी हे कोणी वाचून दाखवलं असतं तर!

याच समासात समर्थांची एक कसोटी आहे. ग्रंथ असा जपून लिहावा की पाहणाऱ्याला हेवा वाटावा आणि लोकांनी म्हणावं, हे लिहिणारा माणूस एकदा पाहिला पाहिजे. ही ओळ मी मनावर घेतली. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

पण त्याआधी एक रोग जडला. मला वाचता येईनासं झालं. अक्षरं दिसायची, मजकूर दिसायचा नाही. लाइटबिल हातात आलं की मी आकडा न बघता ‘ल’ बघायचो. 2009 साली शासनाने मराठी लिपीसाठी निर्णय काढून ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असावा असं ठरवून दिलं. तरी कितीतरी फलकांवर दांडीला टेकलेला हिंदी वळणाचा ‘ल’ राजरोस उभा असतो. पूर्वी तो मला कधी खुपला नव्हता, आता सातारा रस्त्याने जाताना प्रत्येक ढाब्यापाशी मी गाडीत बसल्या बसल्या हळहळतो. शेजारच्याला वाटतं, भूक लागली.

या रोगाने एकदा घात केला. चौकात एका वयस्कर गृहस्थांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. माझी त्यांची तोंडओळखसुद्धा नव्हती. मी थांबलो तो ‘भावपूर्ण श्रद्धांजली’तल्या ‘श्र’साठी. त्या ‘श्र’चं डोकं ‘र्ण’च्या रफारात घुसलं होतं आणि ‘द्धां’वरचा अनुस्वार बाजूच्या ‘ज’वर गेला होता. मी बराच वेळ मान हलवत, चुकचुकत उभा राहिलो. तेवढ्यात त्यांच्या घरातले एकजण जवळ आले. माझा चेहरा पाहून त्यांचा कंठ दाटून आला.

“तुमचे फार जवळचे होते वाटतं?”

माझी नजर फ्लेक्सवर. मी म्हणालो, “हो ना, फारच जवळ. जरा अंतर हवं होतं.”

त्या घराण्याने माझ्याशी अजून अंतर ठेवलं आहे.

एक मात्र झालं. हा रोग जडल्यापासून प्रत्येक अक्षरामागे मला एक हात दिसायला लागला. कमल शेडगे 2020 मध्ये गेले. त्यांनी काढलेलं नाटकाचं नाव वर्तमानपत्राच्या जाहिरातीत पाहिलं, की तिकीट काढण्याआधीच कळायचं, हसायचं आहे की रडायचं. संगणकावर भेटणारा ‘मंगल’ हा टंक, ज्यात सरकारची अर्धी पत्रं लिहिली जातात, तोही आभाळातून पडलेला नाही, तो र. कृ. जोशींनी बसून केला, ते मुळात हाताने अक्षर काढणारे. अच्युत पालवांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी ती बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली. “बघ, अक्षराला पद्मश्री मिळते.” सौभाग्यवतीने हळदीचा डबा पुढे सरकवला. “आधी यावर ‘हळद’ लिहून द्या.” मी ‘ह’ची शेपूट आणि ‘ळ’च्या दोन गाठी यांचा तोल साधेपर्यंत हळद संपली. मग त्यात तिखट भरलं गेलं आणि पाटी लागली ‘हळद’ची. त्या दिवशीच्या आमटीबद्दल न बोललेलं बरं.

आपल्याकडे कोणालाही फार काळ विद्यार्थी राहू देत नाहीत. तबल्यावर थाप मारायला शिकलात की आठवड्यात भजनी मंडळात बसवतात. मी अजून रेघांवरून अक्षरांवर येत होतो, तोच शेजारचे आबा बर्गे पत्रिकांचा गठ्ठा घेऊन हजर. नातीचं लग्न. “पाकिटावर नावं टाका, तुमच्या त्या कलेत. पुतण्याच्या लेकाला सांगितलं तर कोंबडीचे पाय काढतोय.”

आता कोरेगावात बर्गे मंडळी मोप. पाकिटांच्या त्या गठ्ठ्यात बहुतेक आडनावं तीच. आणि ‘बर्गे’ म्हणजे शिकाऊ माणसाची परीक्षाच: एकाच ‘ग’च्या डोक्यावर मात्रा आणि रफार दोघांनाही बसवायचं. मात्रा मोठी झाली तर रफार खाली घसरतो, रफार ऐटीत काढला तर वरच्या ‘श्री.’ला भोसकतो, आणि ते समर्थांना चालत नाही. मी जीव ओतला. दोघांचं मूळ एका बिंदूत आणलं, मात्रा डावीकडे झुकवली, रफार तिच्या कुशीतून उजवीकडे उमलवला. रात्री जागून जागून असा ‘बर्गे’ साधला की पेंटरनी तो पाहून चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. म्हणाले, “ह्यो जमला.” मग विचारलं, “पर म्होरं काय लिवलंय?”

म्होरं, म्हणजे पहिलं नाव. तिथे मी जरा वेगवेगळी वळणं करून पाहिली होती.

पत्रिका वाटायला निघालेल्या पोरांना आडनाव लांबूनसुद्धा वाचता येत होतं, नाव कोणालाच लागेना. त्यांनी व्यवहारी मार्ग काढला. दारावर बर्गे दिसलं की पाकीट द्यायचं. ज्यांच्याशी भाऊबंदकी तुटली होती त्यांच्याकडे गेली, ज्यांच्याशी बांधाचा दावा चालू आहे त्यांच्याकडेही गेली. आणि पाकीट हातात घेऊन प्रत्येकाला वाटलं, इतकं देखणं आपलं नाव आजवर कोणी लिहिलं नाही, जायलाच पाहिजे. सगळे आले. सहकुटुंब, सहपरिवार, पाहुण्यांसह.

समर्थांची कसोटी मी पुरी केली. मंगल कार्यालयात पाऊल ठेवलं आणि कळलं, की पाकिटं लिहिणारा माणूस कोण, तो एकदा पाहिलाच पाहिजे, असं म्हणत लोक मघापासून मला शोधत आहेत. सगळ्यांत पुढे झारा घेतलेला आचारी होता.