फोडणीचा आकडा

हिवाळ्यात दिल्लीकडे पाहुणा फिरकत नाही. आमची आई मात्र आली. तिच्या पाठोपाठ नोएडातल्या आमच्या घरात आणखी एक पाहुणी आली, हवा मोजणारी डबी. मुठीत मावेल एवढी. आतला इवलासा पंखा हवा ओढतो, लेझरचा उजेड धुळीच्या कणांवर पडून विखुरतो आणि पडद्यावर पीएम २.५ चा आकडा उमटतो.

पहिल्या रात्री १८०. आपलं मानक २४ तासांना ६० मायक्रोग्रॅमचं, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. म्हणजे ४० वर आलात तर दिल्लीत पास, जिनिव्हात नापास. खिडक्या लावल्या, प्युरिफायर घरघरला, आकडा ३५! झोपलो. सकाळी पडद्याचा दुसराच कोपरा लाल: कार्बन डायऑक्साइड २१००. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. प्युरिफायर धूळ गाळतो, आपलाच उच्छ्वास नाही. इकडे आड, तिकडे विहीर. डबीमुळे दोन्हींची खोली तेवढी कळली.

मग डबी स्वयंपाकघरात नेली आणि घरात वाजलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, सुक्या मिरच्या पडल्या. ६१२.

“आई, फोडणी जरा कमी...”

“अरे, फोडणीनं ठसका लागायचा तो कळायला आम्हाला यंत्र लागत नव्हतं!”

संध्याकाळी उदबत्तीवर गदा आली. बाहेरचा सरकारी निर्देशांक ५०० वर पोचला की पट्टीच संपते. पुढचं कितीही असो, ५००. घरात तशी सवलत नाही. शहरभराच्या धुरात आरोपी एकच सापडला, आमची लोखंडी पळी.

प्रदूषण रोखण्याच्या ग्रॅप या सरकारी आराखड्यात चार टप्पे आहेत. चौथ्यात ट्रक अडवतात. याच आराखड्यात एक साधी गोष्टही आहे: सोसायट्यांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते शेकोटी पेटवणार नाहीत. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला. हीटर ठीक, पण बिल कुणी भरायचं? यावर अर्धा तास गेला. मग विषय पुढच्या सभेवर ढकलून मंडळींनी खिशातून आपापल्या डब्या काढल्या आणि कुणाच्या बेडरूमचा आकडा कमी, ते एकमेकांना दाखवू लागली. खाली फाटकाशी रखवालदार वाळकी पानं गोळा करत होता.