तो तपकिरी त्रिकोण

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या ना, कुंपणाजवळ. कपडे वाळतील मेले, पळून नाही जात. आणि हळू बोला, शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे.

आजींचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. माहेर नेवाशाचं, पैस खांबाच्या गावचं, गळ्यात तुळशीची माळ. यंदा निवृत्तीनाथांची पालखी नगरात आली की तिच्याबरोबर पायी पंढरपूर, असं दिवाळीपासून घोकतायत. पण गुडघे ऐकतील तर ना! म्हणून सुनेनं ऑनलाइन मागवलं ते कोलॅजन. अठराशेचा डबा, अन् हा दुसरा! रोज रात्री दुधात एक चमचा. आजी आपल्या सगळ्या भजनी मंडळात सांगत फिरल्या, सून कसलीशी शक्तीची पावडर देते हो मला, गुणाची गं बाई...

तर काय सांगत होते? हां, काल एकादशीचं भजन त्यांच्याकडेच होतं. खिचडीच्या बशा नुकत्याच फिरल्या होत्या. नातवाला शाळेत पाकिटांवरची चिन्हं बघून यायला सांगितलेलं, तो डबाच घेऊन बाहेर आला. “आजी, याच्यावर हिरवा ठिपका नाहीये, तपकिरी त्रिकोण आहे!” पूर्वी मांसाहाराला तपकिरी गोल असायचा ना, आता त्रिकोण करतात. तेवढ्यावर थांबावं की नाही? पठ्ठ्यानं मोठ्यानं वाचलं, “मरीन कोलॅजन, सोर्स फिश.”

टाळ थांबले हो. आजींच्या हातात घास तसाच. सुनेचा चेहरा असा उतरला, विचारू नका. आणि बोलून काय बसली? “आई, वास तरी येत होता का?” झालं! वर कोणीतरी हिशेब केला, तीन एकादश्या झाल्या म्हणून.

मग सगळ्यांनी बघितलं मेडिकलवाल्या वहिनींकडे. त्या म्हणाल्या, कोलॅजन म्हणजे माशाची कातडी-खवले, नाहीतर जनावराचं कातडं-हाडं. पायाचा रस्सा गार झाला की थिजतो ना, तेच ते. झाडात कोलॅजन नसतंच. ‘व्हेज कोलॅजन’ म्हणून हिरव्या ठिपक्याचं विकतात, त्यात व्हिटॅमिन सी आणि असलंतसलंच असतं, आपल्या अंगात कोलॅजन बनायला मदत म्हणून. त्यापेक्षा राहात्याचे पेरू खा, आवळा खा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

पुढची गंमत ऐका. डबा मुळात टाइप वनचा, म्हणजे कातडीसाठी म्हणून खपवतात तो. गुडघ्यासाठी विकतात ते टाइप टू, कोंबडीच्या छातीच्या कुर्चेचं, तेही दिवसाला ४० मिलिग्रॅमच. कोंबडी ऐकल्यावर आजींनी कानांवर हात ठेवले. आणि बाकीच्या बायका? सगळ्या आजींच्या गालांकडे बघायला लागल्या, तुमची शपथ! एकीनं तर चष्मा लावला.

घ्यायचंच असेल तर काय बघायचं, तेही वहिनींनी सांगितलं. झाकणावरच्या बाईचा चेहरा नाही बघायचा, डबा उलटा करायचा. कशापासून केलंय, ते स्पष्ट लिहिलेलं हवं. हायड्रोलाइज्ड पेप्टाइड्स लिहिलेलं हवं. एका चमच्यात कोलॅजन किती ग्रॅम, तो आकडा हवा, कारण अभ्यासांत साधारण अडीच ते दहा ग्रॅम रोज, दोन-तीन महिने दिलेलं असतं. माझ्या जावेनं त्या गोड गोळ्या आणल्यात ना, त्यात एका गोळीत अर्धा ग्रॅम! दहा ग्रॅमसाठी वीस गोळ्या, म्हणजे साखरच की हो. शिवाय एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, तो त्यांच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकून बघता येतो. आणि जड धातूंची तपासणी झाल्याचा लॅब रिपोर्ट मागायचा. देत नसतील तर राहू दे म्हणायचं.

पण खरी बातमी तर पुढेच. वहिनींची लेक पुण्यात फार्मसी करते, तिनं सांगितलं म्हणे. २०२५ साली कातडीवरच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या. कंपन्यांच्या पैशानं झालेल्यांत फरक दिसला, बाकीच्यांत काहीच नाही! मी म्हटलं ना तुम्हाला, पैसा बोलतो.

आजी मात्र हळूच म्हणाल्या, “मग माझा गुडघा वाकायला लागला तो कशानं?” सून पटकन म्हणाली, फिजिओथेरपीवाल्या ताईंनी व्यायाम दिलेत ना, त्यानं. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, देवघरात जाऊन बसल्या. आता पालखीबरोबर जाऊन चंद्रभागेत अंघोळ करून घेते म्हणाल्या, बघू.

डब्याचं काय झालं म्हणता? सून कचऱ्यात टाकत होती. अठराशेचा हो! अर्ध्याहून जास्त शिल्लक. आमच्याकडे तर रविवारी मासे होतातच... कुठे बोलू नका हं. आमच्या फ्रीजवर आहे, रव्याच्या डब्यामागे.

खरं सांगा, गालावर काही दिसतंय का? उजेडात बघा नीट. अगं बाई, कुकरच्या शिट्ट्या...