बसतंय ना भाऊ?

जुन्या गाडीच्या टायरवरचा आकडा वाचून तिचं मूळ माप ठरवू नये. त्यावरून एवढंच कळतं, की आधीच्या मालकाला त्या दिवशी कुठला टायर स्वस्तात मिळाला.

काकांकडून माझ्याकडे आलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे अख्ख्या नाशिकच्या भाषेत फियाट, या बाबतीत सर्वधर्मसमभावी होती. पुढे डावीकडे १५५, उजवीकडे १६५, मागे एक ५.२० आणि एक इतका घासलेला, की त्याला आता कुठलंच माप नव्हतं. आरसी बुकात रंगापासून चासी नंबरापर्यंत सगळं सापडलं, टायर सोडून. काकांना विचारलं. ते म्हणाले, "टायर? गोल."

आता नाशिकमध्ये असा प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो. सातपूरला महिंद्राचा कारखाना, तिथेच सिएटचा. त्यामुळे आमच्या सोसायटीतला निम्मा कट्टा "सातपूरला हयात गेली आपली" अशी सुरुवात करून बोलतो. एका आजोबांनी ठामपणे सांगितलं, "सहाशे-सोळा टाक." अहो, ते जीपचं माप! "मग? दणकट असतं." दुसऱ्यांनी पाच नव्वद-पंधरा सांगितलं, ते निघालं अँबॅसिडरचं. द्वारकेजवळच्या टायरवाल्याने मात्र एका वाक्यात निकाल लावला : "बसतंय ना भाऊ? मग तेच ओरिजिनल."

शेवटी काकांच्याच माळ्यावर, कालनिर्णयच्या गठ्ठ्याखाली, गाडीचं मॅन्युअल सापडलं. ५.२०-१४. म्हणजे टायरची रुंदी ५.२० इंच आणि रिम १४ इंची. उंचीचा उल्लेखच नाही, कारण जुन्या क्रॉसप्लाय टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरली जायची. लोकांचा एकमेकांवर विश्वास होता.

रेडियल आले आणि गणित आलं. १५५/८० आर १४ यात १५५ हे मिलिमीटर, ८० हे रुंदीच्या मानाने उंचीचे टक्के आणि १४ हे इंच. एकाच टायरवर तीन मापं! मधला 'आर' त्रिज्येचा, असं आमच्या कट्ट्याने एकमताने ठरवलं होतं. तो रेडियलचा असतो. १५५चे ८० टक्के १२४, वर-खाली मिळून २४८, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवले, की चाकाचा व्यास ६०३.६ मिलिमीटर. हाच हिशेब १६५/८०चा केला तर ६१९.६. व्यासात फरक सोळा मिलिमीटरचा, म्हणजे माझी गाडी पुढून त्याच्या निम्म्याने, आठ मिलिमीटरने, डावीकडे झुकून कित्येक वर्षं नम्रपणे चालत होती. चाक मोठं झालं, की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. पद्मिनीच्या वेगाला कसारा घाटात मीटर काय दाखवतो याने काही बिघडत नाही, ते सोडा.

एक गंमत जाता जाता. फियाट या नावातला शेवटचा 'ट' तोरिनो शहराचा, आणि सिएटमधलाही त्याच तोरिनोचा. एक कंपनी १८९९ची, दुसरी १९२४ची. गावचेच दोघे, एकाची गाडी कुर्ल्यात तयार झाली, दुसऱ्याचा टायर भांडुपमार्गे सातपूरला आला. हे मी कट्ट्यावर सांगितलं, तर आजोबा म्हणाले, "म्हणूनच सांगतोय, सहाशे-सोळा टाक."

तेव्हा जुनी गाडी घेतलीत, तर आधी मॅन्युअल शोधा आणि आकडा कागदावर लिहूनच दुकानात जा. तोंडी सांगितलात तर दुकानात जे पडून असेल, तेच तुमचं माप ठरेल. एका अ‍ॅक्सलवर रेडियल आणि क्रॉसप्लाय यांची जोडी कधीही लावू नका. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुनं माप शोधताना टायरही तितकाच जुना गळ्यात पडू शकतो. आणि डिकी उघडून स्टेपनी बघाच. आमच्या डिकीत मारुती आठशेचं बारा इंची चाक होतं.