मेंढीकोटातील दश्शींच्या संभवनीयतेविषयी सूचना

मेंढीकोट खेळावयास बसण्यापूर्वी दश्शी आपल्या वाट्यास येण्याची संभवनीयता काढून ठेवणे हे सुज्ञ गृहस्थाचे आद्य कर्तव्य होय. तथापि गणितास हात घालण्याअगोदर जोडाची रीतसर मोजदाद करावी, कारण पत्ते 52 आहेत या गृहीतावर सारे शास्त्र उभे असते, आणि घरोघरच्या जोडात चौकटची तिर्री गहाळ होऊन तिच्या जागी निराळ्या पाठीचे परके पान बिनदिक्कत नांदत असते. असे पान कोणाकडे गेले हे चौघांनाही दिसत असल्यामुळे ते संभवनीयतेच्या अखत्यारीबाहेरचे समजावे.

प्रत्येक गड्यास 13 पत्ते मिळतात. चारही दश्शी आपल्याच हाती पडाव्यात अशी मनीषा असल्यास पहिलीस 52 पैकी 13, दुसरीस 51 पैकी 12, तिसरीस 50 पैकी 11 व चौथीस 49 पैकी 10 असे अपूर्णांक मांडून त्यांचा गुणाकार करावा. तो 4165 पैकी 11, म्हणजे सरासरीने सुमारे 379 डावांतून एकदा, इतका भरतो. एकही दश्शी न मिळण्याचा प्रसंग मात्र शंभरांत तीसदा ओढवतो, आणि त्याबद्दल पत्ते वाटणाऱ्याच्या कुळाचा उद्धार करण्याची जी सार्वत्रिक वहिवाट आहे तिला गणिताचे कसलेही पाठबळ नाही. (ज्यास केवळ राजाच ओढावयाचा असेल त्याने सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्यावा, त्यातील 120 गोल पानांत दहा राजे असल्याने, 13 पैकी एक या विलायती प्रमाणाऐवजी 12 पैकी एक असे प्रमाण पडते, आणि संस्थान विलीन झाले तरी राजदर्शन तेथे किंचित सुलभच राहिले आहे.)

आता आपल्या हाती दोन दश्शी असून उरलेल्या दोहोंपैकी निदान एक भिडूकडे असावी, हा विचार करू. न दिसणारे पत्ते 39. त्यावरून उत्तर 57 पैकी 32, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक, असे निघते. परंतु हे उत्तर भिडू खाकरेपर्यंतच ग्राह्य धरावे. तो एकदा खाकरला, की ज्या अज्ञानावर हा छेद रचला होता ते अज्ञानच नाहीसे होते. आणि प्रतिपक्षाने हरकत घेतल्यास भिडूस पडसे झाल्याचा दाखला देण्याची तजवीज आधीच करून ठेवावी.

डाव अर्ध्यावर मोडल्यास पैजेची रक्कम न्यायाने कशी विभागावी, यावर पास्काल आणि फर्मा या दोघा फ्रेंच पंडितांनी 1654 साली प्रदीर्घ पत्रव्यवहार केला. आमच्याकडे हरणाऱ्या पक्षास ऐन वेळी जेवणाची आठवण होते, त्यामुळे तो प्रश्न दप्तरी दाखल करून ठेवावा.